कवठेपूरचं विरजण

मिनूचा फोटो चौकातल्या मोठ्या फलकावर झळकला, तो पद्मजा चौगुलेला घरात बसूनच दिसला. त्यांचं घर चौकाच्या तोंडावर होतं आणि वरचा मजला नेमका फलकासमोर. फोटोत सहा वर्षांची मिनू खिडकीच्या काचेला नाक लावून बाहेर बघत होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'माझं काय?'

तो फोटो मिनूच्या मोठ्या काकांनी, धनपालदादांनी, रस्त्यावर उभं राहून काढला होता. पद्मजाला विचारूनच काढला होता. कलेक्टरकडे अर्ज द्यायचाय, लस सक्तीची करण्याआधी अशा मुलांची काय सोय ते सांगा, एवढंच विचारायचंय, असं ते म्हणाले होते. पद्मजाने हो म्हटलं होतं. फलकाची गोष्ट कुणी काढली नव्हती.

मिनूला मात्र गंमत वाटली. आपण केवढ्या मोठ्या झालोत ते ती पुन्हा पुन्हा आईला दाखवत होती.

कवठेपूर हे बेदाण्याचं गाव. आसपासची द्राक्षं शेडमध्ये वाळायची, गावात निवडली जायची, आणि सौद्याच्या दिवशी बाहेरगावचे व्यापारी येऊन माल उचलायचे. चौगुल्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. धनपालदादा व्यवहार बघायचे आणि पद्मजाचा नवरा सन्मती यंत्रं आणि माणसं सांभाळायचा. त्या हिवाळ्यात मात्र गावात बेदाण्याच्या दराइतकीच चर्चा दुसऱ्या एका गोष्टीची होती. नगरपालिकेने जनमत घ्यायचं ठरवलं होतं. कौल 'हो' आला तर गावातल्या प्रत्येक मुलाला नवी लस द्यायची, कुणालाही नाही म्हणता येणार नाही. 'नको' आला तर कुणालाच द्यायची नाही. अधलीमधली वाट नव्हती, कारण ही लस एकेकट्याला देताच येत नव्हती.

तिची रीत अशी होती. जुनी गोवराची लस टोचली की ज्याला टोचली त्याच्यापुरती असायची. सगळ्यांनी घेतली तरच गोवराची वाट बंद व्हायची, आणि पुरती बंद व्हावी म्हणून जवळजवळ प्रत्येक मुलाला टोचावी लागायची. काही वर्षांपूर्वी सक्ती उठली, ज्याची त्याची मर्जी झाली. कुणी घाबरून लस टाळली, कुणी ऐकीव गोष्टींवर टाळली, आणि पुष्कळांनी टाळली नाही, त्यांच्या हातून नुसती राहून गेली. गोवर परत आला, आणि येताना थोडा बदलून आला. तेव्हा शास्त्रज्ञांनी साध्या सर्दीचा एक विषाणू घेतला आणि त्याच्या अंगावर गोवराची खूण चढवली. लस घेतलेल्या मुलाला चार दिवस नाक गळायचं. त्याच्या शिंकेतून तोच विषाणू शेजारच्याला लागायचा, त्याच्याकडून पुढच्याला. सर्दी झाली की शरीर गोवराला ओळखायला शिकलेलं असायचं. थोड्या मुलांना दिली तरी गाव आपोआप लसवंत व्हायचं. अमर्याद पसरू नये म्हणून विषाणूत एक लगाम घातलेला होता. दर माणसागणिक तो आपला एकेक तुकडा गमावत जायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाशी संपायचा. गावातल्या बायकांनी ऐकून घेतलं आणि लसीचं नाव ठेवलं, विरजण.

मिनूला हे विरजण चालणार नव्हतं. तिचं शरीर जन्मापासून प्रतिपिंडं तयारच करत नव्हतं. दर महिन्याला मिरजेला नेऊन दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं तिला सलाइनमधून द्यावी लागत, पण बदललेल्या गोवरापुढे ती अपुरी पडत होती. सगळे लस घेत होते तोवर ती बालवाडीत जायची. गोवर परतला आणि ती घरात बंद झाली. इतरांना चार दिवसांत सोडून जाणारा विरजणाचा विषाणू तिच्या अंगात मुक्काम ठोकणार होता.

फलकावर फोटोच्या वर रोज संध्याकाळी गावाच्या मताचा कल दाखवत. फोटो लागण्याआधी 'हो'वाले बरेच पुढे होते. आठवड्याभरात दोन्ही आकडे बरोबरीत आले. अर्जावरही तोच फोटो होता. वरून हुकूम आला, पुरता विचार होईपर्यंत जनमत लांबणीवर टाका. सौद्यांचा हंगाम उलटल्यावर बघू.

चौगुल्यांच्या घराच्या बाजूला अरुंद बोळ होता आणि बोळापलीकडे नाझिया मुल्लाची गॅलरी. नाझिया नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, बाळंतपणाच्या रजेवर घरी होती. मिनू घरात अडकल्यापासून तीच तिला शिकवायची. आधी आंघोळ करून, कपडे बदलून, तोंडाला मास्क बांधून घरी यायची. बाळ झाल्यावर ती आपल्या गॅलरीत बसायची, मिनू आपल्या खिडकीत, आणि बोळाच्या वरून पाढे आणि बाराखडी चालायची. बाळाचं नाव इनाया. चार महिन्यांची होती. मिनू तिला इनू म्हणायची आणि मिनू-इनू या दोन शब्दांवर दिवसातून दहादा हसायची.

जुनी लस इतक्या लहान बाळाला देत नसत. इनायाची सगळी भिस्त विरजणावर होती. नाझिया हे कधी बोलली नाही. फोटो लागल्यावरही बोलली नाही, जनमत लांबलं तेव्हाही नाही. रोजच्या वेळेला खुर्ची ओढून बसायची, मिनूकडून धडा वाचून घ्यायची, आणि पद्मजा चहाचा कप घेऊन आली की हवापाण्याचं बोलायची.

हंगामात बाहेरची माणसं आली आणि गोवर त्यांच्याबरोबर आला. आधी कामगारांच्या वस्तीत, मग शाळेत. नाझियाच्या मोठ्या मुलाला, रेहानला, ताप भरला. त्याच्या अंगावर पुरळ उठण्याआधीच इनायाला लागण होऊन गेली होती. रेहान बरा झाला. इनायाच्या फुप्फुसात आजार उतरला. मिरजेला नेलं, आणि तिथे ती गेली.

मिनूला सांगितलं नाही. ती खिडकीत बसून गॅलरीचं दार उघडायची वाट बघायची आणि आईला विचारायची, टीचर गावाला गेल्यात का? पद्मजा हो म्हणायची.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मिनू झोपली असताना गॅलरीचं दार उघडलं. पद्मजाने खिडकी सरकवली. नाझिया कठड्याला धरून उभी होती. चेहरा उतरलेला होता, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"ताई, मिनूला काही होऊ नये असं मला आजही वाटतं. एकच विचारायचंय. तो फोटो तुम्ही दिलात?"

पद्मजाला खोटं बोलता आलं असतं. दादांनी परस्पर लावला म्हणाली असती तर ते निम्मं खरंही होतं.

"मी दिला," ती म्हणाली.

नाझियाने मान हलवली. "मला वाटलं होतं, तुमच्या नकळत लावला असेल." ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर बोळावरून शिकवणं बंद झालं.

जनमताची नवी तारीख लागली तेव्हा तालुक्याच्या आरोग्य अधिकारी डॉ. सोनटक्के स्वतः घरी आल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी मध्ये बसवलेल्या काचेपलीकडे बसून बोलल्या. त्या मत मागायला आल्या नव्हत्या. पद्मजाला पुरतं माहीत असावं म्हणून आल्या होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. विरजण मिनूच्या अंगात शिरलं तर तिच्या जिवाला धोका होताच, पण त्यात आणखी एक गोष्ट होती. तिच्या शरीरात विषाणू महिनोन्‌महिने वाढत राहील, आणि इतक्या वेळा वाढताना त्याचा लगाम तुटू शकेल. मग तो तिच्यातून नव्या दमाने बाहेर पडेल. म्हणून कायद्याने अशा मुलांचं विलगीकरण सक्तीचं केलं होतं. कौल 'हो' आला तर मिनूच्या दाराला कुलूप बाहेरून लागेल.

म्हणजे गावापासून हिला जपायचं, की हिच्यापासून गावाला, असं पद्मजाने विचारलं. डॉक्टरांनी दोन्ही म्हणून सांगितलं, आणि बोलताना नजर चुकवली नाही. विरजणाची साखळी पावसाळ्यापर्यंत संपेल. मग दार उघडेल, आणि गावात गोवर नसल्यामुळे मिनू शाळेतसुद्धा जाऊ शकेल. पुढल्या हिवाळ्यात नव्या बाळांसाठी पुन्हा विरजण, पुन्हा काही महिने बंद. दरम्यान तिला जुळणारी अस्थिमज्जा देणारा कुणी मिळाला तर ही सगळीच कटकट संपेल. नाव नोंदवलेलं होतंच. अजून जुळणारं कुणी सापडलं नव्हतं.

त्या रविवारी धनपालदादा 'नको'च्या प्रचारासाठी कॅमेरा घेऊन आले. पद्मजाने फक्त मिनूला मांडीवर घेऊन बसायचं होतं. बोलायचीही गरज नव्हती. सन्मतीचीही तीच इच्छा होती. तो भांडला नाही, समजावत राहिला. गोवर कधीतरी येतो, आपण दार लावून बसतो, तो जातो, असं त्याचं म्हणणं होतं. ते आपल्याला जमतंय. हे विरजण मात्र मुद्दाम घरोघर सोडणार, आणि आपल्या पोरीला आपण नाही, सरकार कोंडणार. शेजारचं मूल गेलं याचं त्यालाही वाईट वाटत होतं. इनायाच्या मातीला तो गेला होता. पण स्वतःच्या मुलीच्या विरुद्ध मत कुठला बाप देईल?

पद्मजाने विचार करायला एक दिवस मागितला. खरं तर विचार पुष्कळ करून झाला होता. मिनू बालवाडीतून शेवटची घरी आली त्या दिवसापासून ती घरात बंद होती, आणि त्या बंदीला शेवट नव्हता. गोवर दर हंगामात येणार होता. दर वेळी कुणाचं तरी बाळ जाणार होतं, आणि कधीतरी, सगळी दारं लावूनही, तो आत येणार होता. दोन्हीकडे कोंडणंच होतं. एका कोंडण्याची मुदत निदान कुणीतरी सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सन्मती कामावर गेल्यावर तिने फोन कपाटाला टेकवून ठेवला आणि एकटीच त्याच्यासमोर बसली. मिनूला तिने आत खेळायला बसवलं होतं.

"फलकावरची मुलगी माझी आहे," ती म्हणाली. "तिच्या नावाने कुणी मत मागू नका, हो म्हणूनही नको आणि नको म्हणूनही नको. तुमच्या मुलांना लस मिळाली तर ती घरात बंद राहील. नाही मिळाली तरी बंदच राहील. शेजारची इनाया मात्र एका बाजूने वाचली असती. मी हो म्हणणार आहे."

गावाच्या फोनवरच्या गटावर तिने ते चित्रण टाकलं आणि फोन बंद केला. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांनी बघितलं होतं. कुणी तिला धन्य म्हटलं. कुणी लिहिलं, ही आई आहे की कोण? फलकावरचा फोटो त्या रात्री उतरला, ते धनपालदादांनी केलं की नगरपालिकेने, हे तिला कधी कळलं नाही.

सन्मती घरी आला तो खाटेच्या काठावर बसून राहिला. मग म्हणाला, "मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि मी ऐकलं असतं."

तो उठून खाली गेला.

कौल 'हो' आला. फरक इतका थोडा होता की पद्मजाच्या बोलण्यामुळेच आला, असं दोन्ही बाजूंचे लोक म्हणू लागले. धनपालदादांनी येणं बंद केलं. सन्मतीला रोज माणसांत जावं लागायचं, त्यामुळे त्याला वर राहता येणार नव्हतं. त्याने आपले कपडे खालच्या खोलीत हलवले. पद्मजा मिनूबरोबर वर राहिली. एकदा दार लागल्यावर तिलाही बाहेर पडता येणार नव्हतं, कारण बाहेरून येताना ती विरजण घेऊन आली असती.

नगरपालिकेचे कारागीर आले. त्यांनी खिडक्यांच्या फटी बुजवल्या, हवा गाळणारं यंत्र बसवलं, जिन्याच्या तोंडाशी नवं दार लावलं. दाराशेजारी भिंतीत दोन झाकणांचा कप्पा होता. बाहेरच्या झाकणातून डबा ठेवायचा, आत यंत्र त्याला तापवायचं, मग आतलं झाकण उघडायचं. दार उघडलं तर आरोग्य खात्याच्या कचेरीत घंटा वाजणार होती. किल्ली तिथेच ठेवलेली होती. मिनूचं महिन्याचं सलाइन घरातच लावायला पद्मजाला शिकवलं, आणि त्याच्या बाटल्या आधीच आत फ्रिजमध्ये ठेवल्या.

शाळेत मुलांच्या नाकात थेंब पडले आणि चार दिवसांत सगळं कवठेपूर शिंकायला लागलं. लोकांना त्याची मजा वाटली. तुझं विरजण लागलं का, असं एकमेकांना विचारत. सौद्यात दलालांना बोली नीट ऐकू येईना, इतक्या शिंका चालल्या होत्या. काही आठवड्यांत गोवराचे रुग्ण कमी झाले, आणि मग नवा रुग्णच येईना. कामगारांच्या वस्तीतल्या बाळांपर्यंतसुद्धा विरजण पोचलं होतं. काचेतून पद्मजा बघायची, चौकात पोरं पुन्हा खेळायला लागली होती.

लोक आता मिनूवर माया करायला लागले. दाराशी खेळणी, खाऊ, कपडे आणून ठेवायचे. सन्मती ते कप्प्यात ठेवायचा. यंत्राच्या उष्णतेने चॉकलेटं वितळायची, रबरी प्राणी एकमेकांना चिकटायचे. एक सुंदर बाहुली आली ती गाल आत गेलेली अशी आली. मिनूने तिला आजारी ठरवलं आणि तीही आपल्यासारखी आत राहणार म्हणून सांगितलं.

सन्मती फोनवर मिनूशी रोज बोलायचा. पद्मजाशी लागेल तेवढंच, औषध पाठवलंय, गॅस उद्या येईल, असं. तिने कधी बोलणं वाढवून बघितलं तर तो बरं म्हणून ठेवून द्यायचा.

एकदा नाझिया गॅलरीत आली. मिनू काचेवर थापा मारून टीचर, टीचर करत राहिली. नाझियाने तिच्याकडे बघितलं, हात वर केला, आणि तेवढ्यात तिला शिंक आली. ती पदराने तोंड झाकून चटकन आत गेली, दार लागलं. काच पूर्ण बंद होती, तिच्या शिंकेने काही होणार नव्हतं, हे तिला माहीत असणार. ती मिनूच्या काळजीने आत गेली, की निमित्त मिळालं म्हणून, यावर पद्मजा पुढे कितीतरी दिवस विचार करत राहिली.

पावसाळा आला आणि अर्धा सरला. मिनूने शाळेचं दप्तर भरून ठेवलं होतं. डॉ. सोनटक्के आल्या त्या दिवशी दाराबाहेर त्यांचा आवाज ऐकून पद्मजाला वाटलं, किल्ली घेऊन आल्या. दाराला लावलेल्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्यांचा चेहरा दिसला आणि ते वाटणं तिथेच थांबलं.

लगाम टिकला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या माणसाशी संपायचा तो विषाणू कितीतरी माणसं ओलांडून पुढे गेला होता. शेजारच्या तालुक्यातही पोचला होता. तो तसाच सौम्य होता, कुणाला काही त्रास नव्हता. उलट सरकारला बरंच वाटत होतं, कारण आता दर हिवाळ्यात मोहीम काढायची गरज नव्हती. जन्मलेलं प्रत्येक बाळ आपोआप विरजण घेणार होतं. गोवर या भागातून कायमचा गेला, असं म्हणायला हरकत नव्हती. डॉक्टर हे सगळं एका दमात बोलल्या आणि मग थांबल्या.

"मग दार कधी?" पद्मजाने विचारलं.

"हवेत विरजण आहे तोवर नाही."

"ते कधी जाईल?"

"आता ते जाईल असं मी सांगू शकत नाही. आमचा अंदाज चुकला, पद्मजाताई." अस्थिमज्जेसाठी आपण आता परदेशातल्या नोंदीही तपासतोय, असं त्या म्हणाल्या. पद्मजाने हो म्हटलं. पडदा बंद झाल्यावरही ती तिथेच उभी राहिली. खाली चौकात कुणाची तरी वरात चालली होती.

मिनू मागे येऊन उभी होती. तिने किती ऐकलं ते कळत नव्हतं. दप्तर तिच्या पाठीला होतं.

"आई, आपल्याला कुणी कोंडलं?"

पद्मजा 'काका' म्हणाली असती, 'डॉक्टर' म्हणाली असती, 'गाव' म्हणाली असती. प्रत्येकात थोडं खरं होतं. ती खाली बसली, मिनूच्या डोळ्यांच्या पातळीला आली.

"मी," ती म्हणाली.

मिनूने यावर विचार केला. तिला राग आलेला दिसला नाही. उलट हायसं वाटल्यासारखी ती म्हणाली, "मग तूच उघड ना."

पद्मजाने तिला उचलून दाराजवळ नेलं आणि तिचा हात धरून त्या दारावरून फिरवला, वरपासून खालपर्यंत. पत्रा गुळगुळीत होता. आतल्या बाजूने कडी नव्हती, मूठ नव्हती. मिनूने स्वतः पुन्हा एकदा चाचपून बघितलं. मग तिने मूठ वळली आणि दारावर ठोठावलं.

जिन्यावर पावलं वाजली. सन्मती बहुधा खालच्याच पायरीवर बसलेला असावा, कारण तो लगेच वर आला. डॉक्टर जाताना त्याला भेटल्या असणार.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"आम्ही आहोत," मिनू म्हणाली. "आईला पण उघडता येत नाही."

 पलीकडे कपड्यांची सळसळ झाली, तो दाराला पाठ टेकून खाली बसला. पद्मजाही मिनूला मांडीवर घेऊन अलीकडे बसली.

"पद्मजा," तो दारातून म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याने तिचं नाव घेतलं होतं. "आज जेवायला काय पाठवू?"